कुंडीला विचारा: अंधाऱ्या हिवाळ्यातली मिरची आणि टोमॅटो

या खेपेची जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत: बाहेर गोठवणारी थंडी, दुपार सरते न सरते तोच अंधार, आणि घरात मिरची-टोमॅटोच्या कुंड्या. तेव्हा बाकीच्या प्रश्नांनी एक अंक थांबावं. पत्रं लांबलचक होती, ती छाटून मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न: ताई, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचं बी एकाच दिवशी पेरलं आणि ट्रे हीटरशेजारच्या खिडकीत ठेवला. खिडकी चांगली उजळ आहे. टोमॅटो आठवड्याभरात उगवले, पण आता वीतभर लांब होऊन काचेकडे झुकलेत. खोड दोऱ्यासारखं, पानं फिकट. मिरची तर दोन पानांवरच अडून बसली आहे. द्रवखत सुरू केलंय. खोली आणखी गरम ठेवू का?

उत्तर: नको. खत बंद करा, ट्रे हीटरपासून उचला आणि मग पुढचं वाचा.

बी रुजायला ऊब लागते, उजेड लागत नाही. माती २५ अंश सेल्सिअसवर असेल तर टोमॅटो सहा-सात दिवसांत आणि मिरची आठ-नऊ दिवसांत वर येते. तीच माती १५ अंशांवर असली की टोमॅटोला दोन आठवडे लागतात आणि मिरची तीन आठवडे उलटले तरी तोंड दाखवत नाही. इथवर तुमचा हीटर कामाचा होता. पण कोंब मातीबाहेर आला की उजेडाचा नंबर पहिला आणि उबेचा दुसरा. पान उजेडात साखर कमावतं, रोप ती चोवीस तास खर्च करतं, आणि तापमान जितकं चढं तितका खर्च मोठा. अंधाऱ्या खोलीत रोपाला ऊब देणं म्हणजे पगार तोच ठेवून घरखर्च वाढवणं. वरून रोपाला वाटतं आपण कशाच्या तरी सावलीत अडकलोय, म्हणून ते सावलीबाहेर निघायला नुसतं लांबत सुटतं. खताने यात काही फरक पडत नाही. उलट न वापरलेले क्षार मातीत साठतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते.

आता तुमची 'चांगली उजळ' खिडकी. याबाबतीत डोळ्यांची साक्ष मानू नका. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान होते, त्यामुळे दहापट फरकसुद्धा आपल्याला 'जरा कमी' एवढाच वाटतो. मोबाइलवर लक्स (एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) मोजणारं एखादं ॲप घ्या आणि फोन पानांच्या उंचीवर, स्क्रीन खिडकीकडे करून धरा. भर उन्हात बाहेर आकडा १ लाख लक्सच्या आसपास जातो. ढगाळ हिवाळ्यात काचेच्या आत तोच हजार-दोन हजारांवर येतो, आणि काचेपासून हातभर मागे सरलात की आणखी घसरतो. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण एवढा फरक दाखवायला तो पुरेसा आहे.

झाडाला एका क्षणी किती उजेड मिळतो त्यापेक्षा दिवसभरात एकूण किती जमा होतो ते महत्त्वाचं. हा जमा उजेड मोल या एककात मोजतात. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना दर चौरस मीटरला दिवसाकाठी १२ ते १५ मोल पुरतात. भरपूर फळं हवी असतील तर २० ते ३० लागतात. ढगाळ हिवाळ्यातल्या खिडकीत २-३ मोल मिळाले तरी नशीब. ६० अक्षांशावर सर्वांत लहान दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, आणि त्या सहा तासांतही सूर्य क्षितिजाला घासूनच जातो. म्हणजे तुमची रोपं उपाशी आहेत. दिवा लावल्याशिवाय गत्यंतर नाही. तो कसा लावायचा ते खालच्या पत्रात आहे.

दिवा येईपर्यंत टोमॅटो दिवसा १८ आणि रात्री १५-१६ अंशांवर ठेवा, मिरची दोनेक अंश जास्त उबेत. लांबलेला टोमॅटो वाचतो: दुसऱ्या कुंडीत लावताना पहिल्या दोन गुळगुळीत पानांपर्यंत खोड मातीत गाडा, गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. मिरचीला ही सोय फारशी नाही, तिला होती त्याच खोलीवर लावा आणि काडीचा आधार द्या. शिवाय दिवसातून दोन-तीन वेळा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा, किंवा छोटा पंखा लांबून लावा. हलणाऱ्या रोपाचं खोड आखूड आणि जाड होतं. बंद खोलीत वारा कुठला, तो आपणच व्हायचं.

मिरची दोन पानांवर अडली आहे त्याची काळजी करू नका. ती मुळातच टोमॅटोपेक्षा संथ. दोन्ही एकाच दिवशी पेरायची नसतात; मिरचीला तीन-चार आठवड्यांची आघाडी द्यावी.

प्रश्न: दुकानातल्या दिव्यांनी डोकं फिरलं आहे. एकावर '१०० वॅटच्या बरोबरीचा' लिहिलंय, दुसरा जांभळा आहे, तिसऱ्यावर 'सूर्यप्रकाशासारखा' असं छापलंय. नेमका कोणता घ्यावा, किती उंचीवर टांगावा आणि रात्रभर चालू ठेवला तर झाड लवकर वाढेल का?

उत्तर: जांभळा घेऊ नका. तो वाईट असतो असं नाही, लाल आणि निळा उजेड पान आवडीने खातंच. पण त्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं, मावा आहे की धूळ, काहीच ओळखता येत नाही, आणि ज्या खोलीत बसवत नाही तिथल्या झाडाकडे माणूस बघत नाही. साधा पांढरा एलईडी घ्या, ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाची रंगछटा सांगणारा आकडा). त्यात लाल-निळं सगळं असतं.

'बरोबरीचा' हा आकडा विसरा. तो जुन्या पिवळ्या बल्बशी केलेली तुलना सांगतो. दिवा खरे वॅट किती खातो ते बारीक अक्षरात मागे लिहिलेलं असतं. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद एवढ्या जागेला चांगल्या प्रतीच्या एलईडीचे खरे ४० ते ६० वॅट लागतात. एवढ्या जागेत एक मिरची आणि दोन बुटके टोमॅटो दाटीवाटीने मावतात. त्यापेक्षा जास्त कुंड्या कोंबू नका, कडेच्या कुंडीला मधल्या कुंडीच्या निम्माही उजेड मिळत नाही.

उंचीचं उत्तर दिव्यावर अवलंबून आहे, म्हणून पुन्हा लक्स मोजा. पांढऱ्या एलईडीखाली शेंड्याशी २० हजार लक्स आले आणि दिवा रोज १६ तास चालला तर साधारण १७ मोल होतात: रोपांना भरपूर, बुटक्या टोमॅटोला फळं धरण्याइतके. ढोबळी मिरचीसाठी २५ ते ३० हजारांवर न्या. मंद दिवे अगदी वीतभर अंतरावर टांगावे लागतात, तगडे दोन वितींवर. शेंड्याशी हाताचा पंजा अर्धा मिनिट धरा. हाताला चटका जाणवला तर पानालाही जाणवणार. झाड वाढेल तसा दिवा वर घ्यावा लागतो, तेव्हा तो साखळीवर टांगा. टेबलावर ठेवलेला दिवा महिन्याभरात पानांत शिरतो.

रात्रभर मात्र नाही. टोमॅटो हे सततचा उजेड न सोसणारं झाड आहे: चोवीस तास दिवा ठेवला की काही दिवसांत पानं ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात आणि वाढ सुधारण्याऐवजी बिघडते. १६ तास उजेड, ८ तास मिट्ट अंधार, आणि हे काम टायमरकडे द्या. टायमर आणि प्लगचा बोर्ड कुंड्यांच्या पातळीखाली जमिनीवर ठेवू नका, आणि दिव्याची वायर बोर्डाकडे जाण्याआधी एक झोळ देऊन खाली सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल. हे सांगायला कंटाळा येतो, पण पाणी घालताना दर वेळी हात विजेशेजारीच असतो.

प्रश्न: आजी, मी नववीत आहे. माझ्या टोमॅटोला दिवाही आहे आणि फुलंही भरपूर येतात. पण फूल चार-पाच दिवसांत देठासकट गळतं. घरात मधमाशी नाही म्हणून असं होतं का? मी कापसाच्या बोळ्याने फुलं पुसून बघितली, उपयोग झाला नाही.

उत्तर: तुझा संशय बरोबर दिशेने आहे, पण मधमाशी घरात आणलीस तरी टोमॅटोला फार उपयोग झाला नसता. का, ते बघायला एक पूर्ण उमललेलं फूल भिंगाखाली धर. पाकळ्या मागे वळलेल्या असतील आणि मधोमध पिवळी, निमुळती नळी खाली तोंड करून लोंबत असेल. ती नळी म्हणजे एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. पराग त्यांच्या बाहेर नसतात, आतल्या बाजूला असतात आणि टोकाकडून झडतात. स्त्रीकेसर याच नळीच्या पोटात आहे. म्हणून बाहेरून कापूस फिरवलास तर नळीची फक्त पाठ पुसली जाते. पराग सुटायला फूल थरथरावं लागतं. बाहेर हे काम वारा करतो, किंवा बंबलबी नावाची गुबगुबीत केसाळ माशी करते: ती नळीला लटकते आणि पंख न पसरता छातीचे स्नायू जोरात थरथरवते. साध्या मधमाशीला हे जमत नाही.

मी काचघरात कामाला लागले तेव्हा बंबलबीच्या पेट्या अजून यायच्या होत्या. त्या १९८०च्या दशकाच्या शेवटी आल्या. तोवर आम्ही हातात बॅटरीवर चालणारी थरथरती कांडी घेऊन ओळीमागून ओळ फिरायचो आणि प्रत्येक घोसाच्या देठाला कांडी टेकवायचो. सकाळचे दहा वाजल्याशिवाय मुकादम सुरुवात करू द्यायचे नाहीत, कारण तोवर पराग दमट असतात आणि झडत नाहीत. तुझ्या घरी जुना बॅटरीचा टूथब्रश असेल तर तीच कांडी समज. ब्रशची पाठ फुलाला लावू नकोस, फुलांचा घोस ज्या देठावर आहे त्या देठाला दोन-तीन सेकंद टेकव. खाली काळा कागद धरलास तर पिवळी धूळ पडताना दिसेल. ती दिसली की काम झालं. फुलं आहेत तोवर एक दिवसाआड हे करत राहा. टूथब्रश नसेल तर देठाला बोटाने टिचक्या मार.

काळ्या कागदावर काहीच पडलं नाही तर दोष तापमानाचा, हवेचा नाहीतर उजेडाचा. रात्री १३ अंशांखाली गेलं की टोमॅटोचे पराग नीट तयार होत नाहीत, आणि दिवसा सतत ३० अंशांवर राहिलं तरी तेच. तू कुंडी रात्री कुठे ठेवतोस ते लिहिलं नाहीस. खिडकीचा पडदा ओढल्यावर कुंडी पडदा आणि काच यांच्यामध्ये राहत असेल तर खोली उबदार असूनही झाड काचेच्या गारठ्यात उभं असतं. रात्रीचं किमान तापमान नोंदवून ठेवणारा थर्मामीटर पानांपाशी ठेव, खोलीच्या भिंतीवर नको. हवा हीटरने फार कोरडी झाली असेल तर पराग स्त्रीकेसराच्या टोकाला चिकटून रुजत नाहीत. आर्द्रता ५० ते ७० टक्के असली की बरं. आणि भिंगातून स्त्रीकेसराची काडी नळीच्या बाहेर डोकावताना दिसली तर उजेड अजून कमी पडतोय असं धर, अपुऱ्या उजेडात ती अशी लांबते. तशा फुलात स्वतःचे पराग टोकापर्यंत पोचतच नाहीत.

फळ धरलं की नाही हे कळायला आठवडाभर थांबावं लागत नाही. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, गुडघ्यासारखी. ती पिवळी पडली की फूल तिथूनच सुटणार. पाकळ्या सुकल्या पण गाठ हिरवी राहिली आणि देठ जरा जाड झाला, की आत मोहरीएवढा टोमॅटो आहे.

(मिरचीवाल्यांसाठी: मिरचीला एवढी कसरत लागत नाही, झाड हलवलं तरी पुरतं. पण तिला रात्र १६ अंशांखाली खपत नाही आणि २४ च्या वरही खपत नाही. गारठ्यात कधीकधी फळ धरतं, ते चपटं, खुजं आणि बिनबियांचं निघतं.)

प्रश्न: उन्हाळाभर बाहेर असलेली मोठी मिरची फेकवत नाही. घरात दिव्याला जागा नाही. वाचेल का?

उत्तर: वाचेल, आणि दिव्याविना वाचेल. मिरची मुळात अनेक वर्षं जगणारं झाड आहे, थंडीमुळे आपण तिला वर्षाची करून टाकलंय. पहिल्या हिमाआधी आत घ्या. सगळी फळं तोडा, मुख्य खोड दुभंगतं त्याच्या वर दोन-चार बोटं ठेवून फांद्या छाटा, पानंही काढा. हात थरथरेल, पण करा. पानं ठेवलीत तर अंधारात त्यांचा भार झाडालाच सोसावा लागतो आणि बाहेरचा मावा त्यांच्यासोबत घरात येतो. मुळांचा गोळा थोडा छाटून ताज्या मातीत लहान कुंडीत लावा आणि १० ते १३ अंशांच्या गार खोलीत ठेवा. पाणी महिन्यातून दोन-तीनदा, माती पूर्ण कोरडीठाक होऊ नये इतकंच. झाड काटकीसारखं दिसेल. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. थंडी सरायच्या सहा-आठ आठवडे आधी उबेत आणि उजेडात आणा. बियांपासून केलेल्या मिरचीच्या कितीतरी आधी ती फुलावर येते.

पहिले दोन आठवडे तिला इतर कुंड्यांपासून वेगळं ठेवा. कोरड्या गरम खोल्यांत लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड, फार लवकर पसरतो. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर पान पांढऱ्या कागदावर झटका आणि बघत राहा. धूळ पडून राहते, कोळी चालू लागतो. झाड बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालच्या बाजूंना पाण्याचा जोरदार फवारा द्या, नंतर सौम्य साबणपाणी, तीन-चार दिवसांनी पुन्हा. अंड्यांवर साबण चालत नाही, म्हणून एका वेळी भागत नाही.

प्रश्न: मिरचीच्या पानांखाली साखरेच्या कणांसारखे पारदर्शक, खडबडीत फोड आले आहेत. कीटकनाशक दोनदा फवारलं, फरक नाही.

उत्तर: तिसऱ्यांदा फवारू नका. फोड पुसून निघत नसतील आणि हलत नसतील तर ती कीड नाही. मुळं पाणी ओढतात, पण गार, दमट, मंद उजेडाच्या हवेत पान ते बाहेर टाकू शकत नाही. पेशी फुगतात आणि त्यांचे फोड होतात. पाणी कमी करा, सकाळीच घाला, हवा खेळती ठेवा. मातीत बोट पेरभर खुपसा. वापसा असेल तर पाणी नको, कोरडी लागली तरच द्या, तेही खोलीच्या तापमानाचं. जुने फोड जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ येतील.

प्रश्न: ताई, घरचे म्हणतात विजेच्या बिलात टोमॅटोची पेटीच्या पेटी विकत येईल. त्यांना काय सांगू? आणि घरात कोणतं वाण लावू?

उत्तर: हिशेब तुम्हीच मांडून दाखवा. ५० वॅटचा दिवा १६ तास चालला की दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४ युनिट. बी पेरल्यापासून पहिलं लाल फळ यायला बुटक्या जातीला तीनेक महिने लागतात. म्हणजे पहिल्या टोमॅटोच्या आधी सत्तरेक युनिट. घरचे बरोबर बोलतायत आणि तुम्ही तरीही लावणार आहात, नाहीतर मला पत्र लिहिलं नसतं.

मग निदान वाण तरी नीट निवडा, कारण बहुतेकांचा हिवाळा इथेच वाया जातो. बाहेर माणसाच्या उंचीवर जाणारे वेलवर्गी टोमॅटो घरात लावू नका. त्यांचा शेंडा दिव्याला भिडेपर्यंत खालची पानं अंधारात पिवळी झालेली असतात. 'मायक्रो टॉम' हे वाण फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ साली काढलं, जेमतेम वीतभर उंचीचं. ते एवढं लहान आणि झटपट आहे की पुढे प्रयोगशाळांतही टोमॅटोच्या अभ्यासासाठी तेच रूढ झालं. दिसायला गोंडस, चवीला माझ्या मते बेतास बात. चवीसाठी मी 'टायनी टिम' लावीन. ते १९४५ सालचं न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचं, किंचित उंच. दोन्हींना दोन-तीन लिटरची कुंडी चालते आणि बगलफुटवे काढत बसावे लागत नाहीत. मिरचीत बारीक फळांची तिखट मिरची घ्या, आठ-दहा लिटरच्या कुंडीत. ढोबळीची दोन फळं पोसायला लागली की झाड पुढची फुलं टाकून देतं, मग पुढचे कित्येक आठवडे त्या दोनच फळांकडे बघत बसा.

प्रश्न: झाड काढून टाकावं लागलं, पण हिरवे टोमॅटो उरलेत. पिकायला दिव्याखाली ठेवू का?

उत्तर: दिवा दुसऱ्या कुंडीला द्या. फळ पिकायला उजेड लागत नाही. पूर्ण वाढलेले, थोडी फिकट झाक आलेले टोमॅटो २० अंशांच्या आसपास, कागदी पिशवीत, एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा; केळं सोडतं तो इथिलीन वायू त्यांना पिकवतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, हिरवं फळ तिथे पिकत तर नाहीच, बाहेर काढल्यावर मऊ पडून डागाळतं. दोन दिवसांनी एकदा पिशवी उघडून सडका असेल तो काढा. आणि जे गडद हिरवे, कापल्यावर आत गर नुसताच टणक आणि बिया सुरीने चिरल्या जातायत असे असतील, ते पिकणार नाहीत, त्यांची वाट बघू नका.